स्मिथची बंदूक आणि अजिंठ्याचा ‘शोध’

पहूर, वाकोद ओलांडलं की फर्दापूर आणि तिथून अजिंठा. दहाव्या लेण्यातल्या खांबावर जॉन स्मिथ या साहेबाचं नाव कोरलेलं आहे, तारीख २८ एप्रिल १८१९. वाघाच्या शिकारीला आलेल्या या साहेबाच्या हाती लिव्हरची रायफल असणं शक्य नाही. विंचेस्टर नावाची पहिली लिव्हर रायफल १८६६ची. तिचं साल खालच्या बाजूच्या क्रमांकावरून काढतात. स्मिथच्या काळात ठासणीच्या बंदुका होत्या.

बंदुकीसाठी आपण एवढे पुरावे मागतो, पण लेण्यांचा ‘शोध’ एका कोरीव नावावर मान्य करतो. आसपासच्या लोकांना लेणी आधीच ठाऊक होती. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३०पासून अजिंठ्यावर चार भागांचा ग्रंथ काढला. त्यांचं नाव किती जणांना आठवतं?