रंग उतरवायचा कशाने? बाटलीवरचं लेबल आणि माझं एक चुकलेलं वाक्य

पहिल्या प्रकरणाच्या कच्च्या खर्ड्यात मी बिनधास्त लिहून टाकलं होतं, 'जुने नट प्रयोगानंतर खोबरेल तेलाने रंग उतरवत.' सरांनी समासात पेन्सिलने दोनच शब्द लिहिले: 'मराठवाड्यात खोबरेल?'

बघा, प्रश्न साधा आहे. नारळ कोकणातला. आपल्याकडे करडई, तीळ, जवस, भुईमूग, घाण्यावरही तेच. मग खोबरेल माझ्या डोक्यात आलं कुठून? ऐकीव गोष्टींतून, आणि आजच्या निळ्या बाटलीतून. पुरावा शून्य.

पुरावा शोधायला बसलात की एक गंमत कळते. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तिथपासूनच्या रंगभूमीवर भरपूर लिहिलं गेलंय. पण मी वाचलेल्या आठवणींत रंग लावण्याचं वर्णन सापडतं, उतरवण्याचं जवळजवळ नाही. उतरवणं रात्री तीनला, थकलेल्या अंगाने व्हायचं. ते कोण लिहून ठेवणार?

अशा वेळी पदार्थालाच साक्षीदार करायचं. कोरडी भुकटी पाण्यात कालवून लावली असेल तर ती पाण्याने बरीचशी निघते. तेच रंगद्रव्य मेणात-चरबीत घोटलं, की पाणी त्यावरून नुसतं ओघळतं. तिथे तेलच लागतं. जर्मनीत लुडविग लाइश्नरने १८७०च्या दशकात अशा रंगाच्या कांड्या विकायला काढल्या. म्हणजे एखाद्या कंपनीच्या पेटीत कोणता रंग होता हे कळलं, तर तो कशाने उतरत असेल याचा निदान अंदाज बांधता येतो. कोणतं तेल, हे मात्र रसायनशास्त्र सांगत नाही. करडईचं तेलही हे काम करेलच की!

साबण का नको? इथल्या बोअरचं पाणी जड. त्यातल्या कॅल्शियमशी साबण जुळतो, फेस होत नाही आणि चिकट साका उरतो. रिठ्याचा फेस मात्र जड पाण्यातही होतो.

आता गुलमंडीवरून आणलेली 'सौम्य' मेकअप रिमूव्हरची बाटली हातात घ्या. 'सौम्य' हा घटक नाही, दावा आहे; तो बाजूला ठेवा. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्याखालचे कोणत्याही क्रमाने. माझ्या बाटलीवर पहिलं पाणी. दुसरं 'पीईजी-६ कॅप्रिलिक/कॅप्रिक ग्लिसराइड्स'. नावाला घाबरू नका. याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. असे अनेक रेणू एकत्र येऊन सूक्ष्म गोळे करतात, त्यांना मायसेल म्हणतात. मेकअपमधलं तेल त्यात अडकतं आणि कापसावर येतं. मग ग्लिसरीन, त्वचेतला ओलावा टिकवायला. पुढे फेनॉक्सिइथेनॉल, म्हणजे बाटली नासू नये म्हणून. त्याला कमाल मर्यादा एक टक्क्याची. गुलाबाचा अर्क त्याच्याही मागे छापलाय! म्हणजे समोर मोठ्ठं गुलाबाचं चित्र, आत तो जास्तीत जास्त एक टक्का. कागदपत्रही असंच वाचायचं असतं: काय लिहिलंय, कितव्या जागी लिहिलंय आणि तो क्रम कोणत्या नियमाने ठरला.

आणि ते कॅप्रिलिक-कॅप्रिक? ही मेदाम्लं बहुधा खोबरेलातून किंवा पामच्या बियांच्या तेलातून काढतात. म्हणजे ज्या खोबरेलाने माझं वाक्य पाडलं, ते रूप बदलून या बाटलीत येऊन बसलेलं असू शकतं. पण त्याने माझं जुनं वाक्य खरं ठरत नाही, हं. आजच्या बाटलीवरून शंभर वर्षांपूर्वीचा रंगपट सिद्ध होत नसतो.

ते वाक्य मी खोडलंय. सध्या तिथे एवढंच आहे: 'तेलकट रंग उतरवायला तेल वापरत असावेत, कोणते, ते तपासायचे आहे.' तपासायच्या जागा दोन. नाटक मंडळ्यांच्या कीर्दीतल्या तेलाच्या नोंदी (दिव्याचं तेल वेगळं काढावं लागेल, ही डोकेदुखी आहेच) आणि वयोवृद्ध कलावंतांच्या मुलाखती. मुलाखतीची प्रश्नावलीही बदलली. आधी होतं, 'तुम्ही खोबरेल लावायचात का?' आता आहे, 'प्रयोग संपल्यावर आधी काय हातात घ्यायचात, आणि ते आणायचं कोण?'