उंबरठ्याच्या आंतलें पिस्तूल

जानेवारी १९११ मध्यें अमेरिकेंतील न्यू यॉर्क शहरीं डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स या कादंबरीकारावर भर रस्त्यांत गोळ्या झाडण्यांत आल्या व दुसऱ्या दिवशीं तो मरण पावला. त्या खळबळीनंतर त्याच वर्षीं न्यू यॉर्क राज्यांत ‘सलिव्हन कायदा’ झाला. त्याचा पुरस्कर्ता टिमथी सलिव्हन याच्या हेतूविषयीं कित्येकांस शंका होती; ती असो. लपवितां येईल असें पिस्तूल स्वतःच्या घरांत ठेवण्यासही या कायद्यानें परवाना लागूं केला, ही गोष्ट मोठी.

कारण घर म्हणजे मालकाचा किल्ला, ही समजूत इंग्रजी न्यायांत १६०४ च्या सेमेनच्या खटल्यापासून रुजलेली. पण किल्ल्यांतलें शस्त्र कोणत्या स्थितींत असावें? राजधानी वॉशिंग्टनमध्यें १९७६ सालीं नव्या पिस्तुलांस बंदी झाली. जुनी बंदूकही रिकामी व सुटी करून, किंवा चापास कुलूप घालूनच ठेवावयाची. मध्यरात्रीं चोर दाराशीं आला असतां गृहस्थानें किल्ली शोधीत बसावें काय? सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं पांच विरुद्ध चार मतांनीं हे निर्बंध रद्द ठरविले. २०१० त हेंच तत्त्व राज्यांसही लागूं झालें.

तथापि उशाशीं ठेवलेलें पिस्तूल पोराच्या हातींही पडतें. मॅसॅच्युसेट्स राज्यानें म्हणूनच कुलपाची सक्ती राखिली. शस्त्र मालकाच्या प्रत्यक्ष ताब्यांत असेल तोंवर मात्र ती नाहीं. मला हा भेद शहाणपणाचा वाटतो. आतां झोंपलेल्या मालकाच्या उशाखालचें पिस्तूल त्याच्या ताब्यांत आहे कीं नाहीं, हें वकिलांनींच सांगावें.