शब्दावाचून वेदना : कर्जत-खालापूरच्या आरोग्येतिहासातील एक प्रश्न

आरोग्याचा इतिहास लिहिताना रस्ते, रुग्णालये आणि वैद्य यांची गणना प्रथम होते. कर्जत-खालापूरपुरती ही गणना निराशाजनक नाही. १८५६ मध्ये लोहमार्ग खोपोलीपर्यंत पोचला आणि १८८६ मध्ये मुंबईस स्त्रियांसाठी कामा रुग्णालय उघडले. घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या स्त्रीला स्त्री-डॉक्टरांकडे जाण्याचा मार्ग तेव्हाच खुला झाला. तथापि गाडीत बसण्यापूर्वी आपणास काय होते हे तिला घरी सांगावे लागे. प्रस्तुत लेखाचा विषय हे सांगणे होय.

एंडोमेट्रिओसिस हा विकार या दृष्टीने उद्बोधक आहे. यात गर्भाशयाच्या अंतःस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते. पाळीत व समागमात वेदना आणि कित्येकींच्या बाबतीत वंध्यत्व ही त्याची लक्षणे. जगातील प्रजननक्षम वयाच्या सुमारे १० टक्के स्त्रियांना तो असतो. रोगाचा विस्तार व वेदनेची तीव्रता यांचे प्रमाण सरळ नसल्यामुळे अनेकींचे दुःख काल्पनिक ठरविले जाते. दुखण्याच्या भीतीने शरीर आखडते आणि वेदना अधिकच वाढते. पती दुराव्याचा भलताच अर्थ लावतो, आणि स्त्री स्वतःस दोष देऊ लागते.

आता शब्द पाहू. 'कावळा शिवणे', 'विटाळ' हे शब्द स्पर्शास्पर्श सांगतात. 'वांझ' हा अपत्याचा अभाव सांगतो. हे सारे शब्द कुटुंबाच्या बाजूचे आहेत. तिच्या स्वतःच्या अनुभवासाठी 'पोटात दुखते' एवढेच उरते, आणि ते अपचनासही लागू पडते. समागमातील वेदनेसाठी तर चारचौघींत उच्चारता येईल असा शब्द रूढ नाही.

ग्रंथांत ही वेदना अज्ञात नव्हती. सुश्रुतसंहितेत 'परिप्लुता' या योनिव्यापदाचे ते एक लक्षणच आहे; अर्थात ती व्याधी हीच, असे म्हणणे धाडसाचे होईल. १९२७ मध्ये अमेरिकेत जॉन सॅम्पसन यांनी या विकाराच्या उत्पत्तीविषयी आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू करून लैंगिक प्रश्नांची चर्चा मराठीत आणली. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली.

या मौनाचे मोजमाप पुढे दूर गडचिरोलीत झाले. राणी व अभय बंग यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ६५० ग्रामीण स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांत कोणता ना कोणता स्त्रीरोग वा लैंगिक रोग आढळला. पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या.

यावरून लोहमार्गाने कमी केलेले अंतर आणि भाषेने राखलेले अंतर ही भिन्न होत, हे ध्यानी येते. 'पोटात दुखते' हे उत्तर मिळाल्यावर 'पाळीत दुखते का? नवऱ्याजवळ असताना दुखते का?' असे साध्या मराठीत विचारणे, हे वैद्याचे तसेच आरोग्याच्या इतिहासकाराचेही पहिले कर्तव्य आहे.