बहात्तराव्या हिश्श्याचे विमान

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला रचणाऱ्या मुलांना प्रमाणाची फारशी पर्वा नसते. महादरवाज्यापेक्षा मावळा उंच असतो आणि सिंहासनावरचे महाराज तर अवघ्या बालेकिल्ल्याला पुरून उरतात. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. कारण तेथले माप आदराचे असते, फुटपट्टीचे नसते. आज आम्ही ज्या प्रतिकृतीविषयी बोलणार आहोत तिचा धर्म नेमका उलटा आहे. तेथे आदर, अभिमान आणि वैर ही तिन्ही बाजूला ठेवून फुटपट्टीच हाती घ्यावी लागते. ही प्रतिकृती दुसऱ्या महायुद्धातील ‘स्पिटफायर’ ह्या ब्रिटिश लढाऊ विमानाची, प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून केलेली. वस्तू वीतभरही नाही. तिला पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेण्याचा मोह होतो. परंतु ह्या खेळण्याचे कूळ शोधीत मागे गेले, की आपण एका गंभीर प्रश्नापाशी येऊन ठेपतो. समोरून येणारा आपला की परका, हे ओळखायचे कसे?

आधी मूळ विमानाची ओळख करून घेऊ. रेजिनाल्ड मिचेल ह्या अभियंत्याने ते आखले. ५ मार्च १९३६ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, मिचेल कर्करोगाने वारला. आपल्या विमानाची युद्धातील कामगिरी पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. पुढे ही विमाने वीस हजारांवर बांधली गेली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याच्या पंखांचा पसारा ३६ फूट १० इंच. टोकाकडे निमुळते होत जाणारे ते लंबवर्तुळाकार पंख हीच त्याची खूण. जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाच्या बाबतीत ही खूण पुरेशी आहे. आकाशात मात्र ती पुरेलच असे नाही.

ह्याचा कटू अनुभव इंग्लंडला युद्ध पुकारल्यानंतर तिसऱ्याच दिवशी आला. ६ सप्टेंबर १९३९ रोजी सकाळी शत्रूची विमाने येत असल्याची चुकीची वर्दी आली. नॉर्थ वील्डच्या तळावरून ५६ क्रमांकाच्या तुकडीची ‘हरिकेन’ विमाने उडाली. त्यांच्यामागून काही अंतर राखून आणखी दोन हरिकेन निघाली. हॉर्नचर्चहून आलेल्या ७४ क्रमांकाच्या तुकडीतील स्पिटफायरच्या वैमानिकांना ती दोन विमाने जर्मन मेसरश्मिट वाटली. त्यांनी गोळ्या झाडल्या आणि दोन्ही विमाने पाडली. एक वैमानिक बचावला. दुसरा, माँटेग्यू हल्टन-हॅरप, ठार झाला. ब्रिटिश लढाऊ वैमानिकांपैकी ह्या युद्धात पडलेला हा पहिला बळी. स्पिटफायरने युद्धात पाडलेले पहिले विमान शत्रूचे नव्हते, आपल्याच बाजूचे होते! गोळ्या झाडणाऱ्या दोघा वैमानिकांवर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. लोकांनी ह्या प्रसंगाला उपरोधाने ‘बार्किंग क्रीकची लढाई’ असे नाव दिले.

त्या वैमानिकांच्या नजरेत दोष होता काय? आम्हांला तसे वाटत नाही. त्या काळी स्पिटफायरचा वेग ताशी साडेतीनशे मैलांच्या घरात होता. ह्या वेगाने अर्धा मैल अंतर तोडायला पाच सेकंद लागतात. भीती, घाई आणि चुकीची वर्दी ह्यांनी भरलेल्या त्या पाच सेकंदांत डोळ्याला जे पाहायची धास्ती असते तेच तो पाहतो. ह्यावर इलाज दोनच होते. एक यंत्राचा, आपल्या विमानाने आपली ओळख रेडिओलहरींनी कळवावी, ह्या योजनेला ह्या घटनेनंतर गती मिळाली. दुसरा इलाज डोळ्यालाच शिकवण्याचा. आणि येथे आपले छोटे विमान इतिहासात प्रवेश करते.

एकास बहात्तर हे प्रमाण युद्धापूर्वीच इंग्लंडातील छांदिष्टांमध्ये रूढ झाले होते. त्याचे गणित सोपे आहे: मुळातले सहा फूट म्हणजे प्रतिकृतीतला एक इंच. ‘स्कायबर्ड्स’ ह्या नावाच्या लाकडी प्रतिकृती ह्याच मापाच्या होत्या. १९३६ साली ‘फ्रॉग’ ह्या उडणाऱ्या खेळण्यांच्या कारखानदारांनी ह्याच मापाची प्लॅस्टिकची विमाने विक्रीस काढली. ती उडत नसत, म्हणून त्यांचे नाव ठेवले ‘पेंग्विन’! प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून विमान करण्याच्या छंदाचा आरंभ येथे झाला असे मानतात.

युद्ध पेटले आणि हे खेळण्यातले माप शिक्षणाचे माप झाले. बहात्तराव्या हिश्श्याची प्रतिकृती पस्तीस फुटांवर टांगली, तर खरे विमान अर्ध्या मैलाला थोड्या कमी अंतरावरून जसे दिसेल तशी ती दिसते. म्हणजे साध्या खोलीत आकाश उभे करता येते. अमेरिकेच्या नौदलाने १९४२ साली शाळाशाळांतील मुलांना हाक दिली. पन्नास प्रकारच्या विमानांच्या प्रत्येकी दहा हजार, अशा पाच लाख लाकडी प्रतिकृती हव्या होत्या. मुलांनी त्या कोरल्या, घासल्या आणि काळ्या रंगाने रंगविल्या. काळ्या अशासाठी, की आकाशात रंग दिसत नाही, आकृती दिसते. इंग्लंडातही टेकड्यांवर आणि गच्च्यांवर पहारा करणारे ‘ऑब्झर्व्हर कोअर’चे नागरिक स्वयंसेवक अशाच आकृत्या घोकून पाठ करीत.

युद्ध संपल्यावर हे माप पुन्हा मुलांच्या हाती आले. निकोलस कोव्ह ह्या हंगेरीतून आलेल्या गृहस्थाने १९३९ साली लंडनमध्ये ‘एअरफिक्स’ ही कंपनी काढली होती. आरंभी ती हवा भरायची रबरी खेळणी करी, पुढे प्लॅस्टिकचे कंगवे. १९५२ साली तिने ड्रेकच्या ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचे सुटे भाग साध्या पिशवीत घालून वूलवर्थच्या दुकानांतून दोन शिलिंगांना विकले. त्या यशानंतर स्पिटफायर आले आणि ज्यांचे वडील युद्धावर गेले होते ती मुले स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून ते जोडू लागली.

जोडण्याची रीत पाहण्यासारखी आहे. वितळलेले पॉलिस्टायरीन पोलादी साच्यात दाबाने भरले, की सारे भाग एका जाळीदार चौकटीला लटकलेले निघतात. ते कापून घ्यायचे, कानशीने कडा साफ करायच्या. प्रथम वैमानिकाची बैठक, मग तिच्या दोन्ही अंगांनी धडाचे डावे-उजवे अर्धे, मग पंख. येथला डिंक कागदाला लावतो तसला नव्हे. तो प्लॅस्टिकच किंचित विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव करतो. म्हणून थेंब जास्त पडला की सारी नक्षी वितळून जाते. शेवटी पाण्यात भिजवून कागदावरून अलगद सरकवायच्या खुणा.

पण खरी परीक्षा आहे रंगाची. वरून गर्द हिरवा आणि मातकट, हे ठीक. पंखांच्या खालच्या अंगाला कोणता? १९३९ च्या सप्टेंबरात एक पंख खालून काळा आणि दुसरा पांढरा असे. जमिनीवरच्या माणसांना आपले विमान ओळखता यावे म्हणून ही योजना होती. १९४० च्या जूनपासून त्या जागी फिकट आकाशी-हिरवट रंग आला. तेव्हा ब्रश बुडविण्यापूर्वी सांगा: तुमचे विमान कोणत्या महिन्यातले? नुसते ‘स्पिटफायर’ असे काही नसतेच. अमुक तुकडीचे, अमुक ऋतूतले, एकच एक विमान असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला जे शिकवताना आम्हांला वर्षे लागतात ते ही रंगाची डबी एका संध्याकाळी शिकवते.

ह्या रंगांच्या कथेचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. ब्रिटिश विमानांवरील वर्तुळाच्या मध्यभागी लाल ठिपका असे. जपानी विमानांवर लाल सूर्यबिंब होते. भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ह्या साम्यातून घात होऊ नये म्हणून तो लाल ठिपका पुसून निळ्या रंगाच्या दोन छटांचे वर्तुळ काढण्यात आले. आपल्या वायुदलाच्या विमानांवरही तेच आले. स्वातंत्र्यानंतर त्या जागी काही काळ अशोकचक्र आणि पुढे केशरी, पांढरा व हिरवा अशी वर्तुळे आली. १९४७ च्या नोव्हेंबरात श्रीनगरच्या रक्षणासाठी जी विमाने लढली त्यांत स्पिटफायरही होती. साचा एकच, पण खूण बदलली की विमानाचा देश बदलतो आणि निष्ठाही बदलते!

मात्र प्रतिकृती सारेच सांगते असे नाही. मूळचा सहा फुटी वैमानिक येथे इंचभर उरतो. त्याला चेहरा असतो, भय नसते. १९४० च्या सप्टेंबरात साउथॅम्प्टनजवळील वुलस्टनचा स्पिटफायरचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला आणि माणसे मेली. मग मोटारींच्या गराजांतून आणि धुलाईच्या कारखान्यांतून विमानाचे भाग बनू लागले. त्यात स्त्रियांचे हात मोठ्या संख्येने होते. ते हात पेटीतल्या कोणत्याही चौकटीला लटकलेले नसतात. ते आपले आपणच जोडून घ्यावे लागतात.

ह्या छंदात युद्धाचे कौतुक आहे, असा आक्षेप घेतला जातो आणि तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु ह्या विमानाचे कूळ कौतुकात नाही, एका चुकीत आहे. हल्टन-हॅरप गेला तो शत्रूच्या कपटाने नव्हे, तर पाच सेकंदांच्या घाईने. त्यानंतर शहाण्या माणसांनी विमाने हातभर लांब टांगली नाहीत. पुरेशा अंतरावर टांगली आणि पाहण्याचा सराव केला. ‘हा परका’ असे ठरविण्याआधी नीट पाहावे, त्याच्या पंखांचा आकार पाहावा, पोटाचा रंग पाहावा, तारीख विचारावी, एवढेच त्या वीतभर प्लॅस्टिकचे म्हणणे आहे. हे म्हणणे केवळ विमानांपुरतेच खरे आहे काय, ह्याचा विचार घरी जाताना श्रोत्यांनीच करावा.