मृत्यूचा दावा, तडजोड आणि न्यायाधीशांची सही

उपचारातल्या निष्काळजीपणामुळे रुग्ण दगावला, असा दावा कोर्टात चालू असताना कधी कधी दोन्ही बाजू तडजोडीला तयार होतात. रक्कम ठरते. घरात लहान मुलं असतील तर मात्र वकील सांगतात, "कोर्टाची परवानगी लागेल." नातेवाईक विचारतात, "आम्हाला मान्य, डॉक्टरांना मान्य, मग कोर्ट मध्ये कशाला?" याचं उत्तर समजण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१८०८ साली इंग्लंडमध्ये घोडागाडीच्या अपघातात पत्नी गमावलेला एक माणूस कोर्टात गेला. न्यायाधीशांनी सांगितलं की माणसाचा मृत्यू हे दिवाणी कोर्टात भरपाई मागण्याचं कारण होऊ शकत नाही. म्हणजे एखाद्याला जखमी केलं तर भरपाई, पण तो मेला तर काहीच नाही! पुढे रेल्वे आली, अपघातांत माणसं मरू लागली आणि १८४६ मध्ये लॉर्ड कॅम्पबेल यांच्या पुढाकाराने हा नियम बदलणारा कायदा झाला.

त्याच धर्तीवर भारतात १८५५ चा प्राणांतिक अपघात कायदा आला. मृताची पत्नी किंवा पती, आईवडील आणि मुलं यांना त्याने भरपाईचा हक्क दिला. त्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एका मृत्यूबद्दल दावा एकदाच करता येतो, आणि मिळालेल्या रकमेत कोणाचा किती वाटा हे कोर्ट ठरवतं. त्यामुळे त्या एका दाव्यात मुलाचं नुकसान झालं, तर त्याला दुसरी संधी नाही.

मुलाच्या वतीने सही करतो पालक. पण पालकालाही पैशाची निकड असते. दवाखान्याचं बिल, कर्ज, नातेवाइकांचा दबाव. म्हणून १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतच नियम होता की कोर्टाच्या परवानगीशिवाय पालकाने अज्ञान मुलाच्या वतीने दाव्यात तडजोड करू नये. १९०८ च्या संहितेत तो आदेश ३२, नियम ७ म्हणून आला. परवानगी नसेल तर मूल अशी तडजोड रद्द करून घेऊ शकतं, समोरच्या पक्षाला मात्र ती सवलत नाही. १९७६ च्या दुरुस्तीने आणखी एक अट घातली. तडजोड मुलाच्या हिताची आहे, असं पालकाचं प्रतिज्ञापत्र हवं आणि वकील असेल तर त्याचा दाखलाही हवा. शिवाय मुलाचे पैसेसुद्धा पालकाला कोर्टाच्या परवानगीशिवाय घेता येत नाहीत. अनेकदा ते मूल सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत राहतात.

आता डॉक्टरांकडे येऊ. पुण्यात १९५३ मध्ये मांडीचं हाड मोडलेला एक तरुण उपचारादरम्यान दगावला. आईवडिलांनी दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने अंतिम निकाल दिला १९६८ मध्ये. डॉक्टर दोषी ठरले, भरपाई ३,००० रुपये. पंधरा वर्षं! इतकी वाट पाहणं कोणाला परवडेल? तडजोडीचा मोह होतो तो यामुळेच, आणि तडजोड करण्यात गैर काहीच नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, तेव्हा एक वेगळी वाटही खुली झाली.

तुमच्यावर अशी वेळ आलीच, तर एवढं सांभाळा. दुःखाच्या पहिल्या दिवसांत स्टँप पेपरवर सही करू नका. मुलांचा वाटा वेगळा लिहून घ्या. आणि पैसे घेतले म्हणजे पोलीस केसही मिटली असं समजू नका. निष्काळजीपणाने मृत्यू घडवणं हा गुन्हा आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही.

आम्हा डॉक्टरांनाही ही परवानगी अडचण वाटू नये. न्यायाधीशांनी तपासलेली तडजोडच टिकते. नाहीतर आज पाळण्यात असलेलं मूल मोठं होऊन विचारील, "माझ्या वाट्याचं काय?" आणि तो प्रश्न रास्तच असेल.