डावें आणि उजवें



रस्ता ओलांडतांना आपली मान आधीं उजवीकडे वळते. हें शहाणपण आपण बाळपणीं शिकलों आणि शिकल्याचेंही विसरून गेलों. परंतु हीच संवय फ्रान्स वा जर्मनी देशांत जिवावर बेतते. कारण तेथें वाहनें उजव्या बाजूनें चालतात आणि पहिलें वाहन डावीकडून येतें.

इंग्लंडांत डावी बाजू १८३५ च्या कायद्यानें पक्की झाली; तोच प्रघात इंग्रजी अमलाबरोबर आपल्याकडे रुजला. पोर्तुगालनें १९२८ सालीं उजवी बाजू पत्करली, तरी शेजारच्या मुलखाशीं मेळ राहावा म्हणून गोव्यांत डावीच राहिली. म्हणजे हा नियम निसर्गाचा नव्हे; तो माणसांचा आपापसांतील करार आहे.

करार बदलतां येतो, संवय बदलणें कठीण. स्वीडनमध्यें १९५५ च्या सार्वमतांत सुमारें ८३ टक्के लोकांनीं डाव्या बाजूलाच कौल दिला. परंतु शेजारचे नॉर्वे व फिनलंड उजवीकडून चालत, आणि स्वीडनमधील बहुतेक मोटारींचें चक्रही डाव्या हातास होतें. अखेर १९६३ सालीं तेथील संसदेनें बदल ठरविला. ३ सप्टेंबर १९६७, रविवार. पहाटे चार वाजून पन्नास मिनिटांनीं रस्त्यावरील वाहनें थांबलीं, जपून पलीकडच्या बाजूस गेलीं, आणि पांचाच्या ठोक्यास पुढें निघालीं.

आतां अनर्थ होणार, अशी अनेकांस धास्ती होती. घडलें उलट! कांहीं काळ अपघात कमी झाले. कारण प्रत्येकजण डोळ्यांत तेल घालून चालत होता. नवें अंगवळणीं पडलें, सावधपणा ओसरला, आणि अपघातांचें प्रमाण पूर्वपदावर आलें.

परदेशीं मोटार चालविणारानें यांतून बोध घ्यावा. १९४९ च्या जिनीव्हा करारानुसार मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना आपलें कौशल्य सांगतो. तेथील नियम शिकवीत नाहीं. फ्रान्समध्यें, जेथें कोणतेंच चिन्ह नसेल अशा चौकांत, उजवीकडून येणाऱ्यास आधीं वाट द्यावी लागते, मग तो अरुंद गल्लींतून कां येईना. हें आपण घरूनच वाचून जावें.

पहिल्या दिवशीं आपण भीतीनें जपतों. खरा धोका चौथ्या दिवशीं, रिकाम्या रस्त्यावर, मन निर्धास्त झाल्यावर असतो. शिक्षकाच्या पेशांत मीं एक गोष्ट पाहिली: पाटीवरचें पुसणें सोपें, मनावर गिरविलेलें पुसणें अवघड. म्हणून गाडी सुरू करतांना दर वेळीं स्वतःस विचारावें, ‘आपण कोणाच्या गांवीं आहोंत?’