हार्वर्डच्या गाद्या आणि घरची गोधडी

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. आज मी जो इतिहास सांगणार आहे त्यात तलवार नाही व तख्तही नाही. एक खोली, काही गाद्या आणि एक घड्याळ एवढ्याच सामग्रीवर तो घडला. परंतु त्याचे फळ आपणा प्रत्येकाच्या घरापर्यंत येऊन पोचलेले आहे, आणि ते ओळखण्यास मला स्वतःला फार उशीर झाला, म्हणूनच हा विषय मी निवडला आहे.

निमित्त घरगुती आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही पेठेतील जुना वाडा सोडून नव्या इमारतीतील सदनिकेत राहावयास आलो. वाड्यातल्या माजघराला लाकडी तुळया होत्या, बैठकीवर जाड गाद्या होत्या, कोनाडे व फडताळे होती. नव्या दिवाणखान्यात गुळगुळीत फरशी, कोऱ्या भिंती आणि एका बाजूस भिंतभर काच! चिरंजीवांनी हौसेने दोन स्पीकरांचा स्टिरिओ आणून दिला. पहिल्याच संध्याकाळी अभंग लावला, तो टाळ, मृदंग आणि गवयाचा आवाज यांचा एकच काला झाला. शब्द म्हणून कळेना. आमच्या सौभाग्यवती थोडा वेळ ऐकत बसल्या, मग उठून म्हणाल्या, "अहो, माझे कानच गेले आता. तुम्ही ऐका." आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. चाळीस वर्षे पहाटेच्या भक्तिगीतांशिवाय ज्यांचा दिवस उगवला नाही, त्या पुढे त्या खोलीत ऐकावयास बसेनाशा झाल्या.

मला मात्र एक शंका आली. जिन्यावरून कोण काय बोलत गेले हे ज्यांना आतल्या खोलीत स्पष्ट कळते, त्यांचे कान गेले कसे? मी दिवाणखान्याच्या मधोमध उभा राहून एक टाळी वाजविली. टाळीमागून भिंतींनी झणझण असे उत्तर दिले. दोष कोणाचा, ते त्याच क्षणी ध्यानात आले.

या उत्तराचे भव्य रूप आपल्याकडील अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेले असेल. विजापूरचा गोलघुमट म्हणजे 1656 मध्ये निवर्तलेल्या महंमद आदिलशहाची कबर. त्याच्या सज्जात एका बाजूस कुजबुजलेला शब्द समोरच्या बाजूस ऐकू येतो आणि एका टाळीच्या अनेक टाळ्या होतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1922 च्या सुमारास अशा कुजबुजत्या सज्जांचा अभ्यास केला, त्यात या घुमटाचाही समावेश होता. घुमटात आपण मौज म्हणून जे ऐकतो, तेच व्याख्यानगृहात वा दिवाणखान्यात उपद्रव होऊन बसते. हा उपद्रव मोजता येतो व आवरता येतो, हे सिद्ध करणाऱ्या पुरुषाचे नाव वॉलेस क्लेमेंट सॅबिन.

सॅबिन यांचा जन्म 1868 मध्ये अमेरिकेतील ओहायो प्रांतात झाला. पुढे ते हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवू लागले. 1895 मध्ये त्या विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली. तिच्यातील व्याख्यानगृह दिसावयास सुंदर होते, पण वक्त्याचे भाषण मात्र कोणासच समजेना. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी यावर उपाय शोधण्याचे काम सॅबिन यांजकडे सोपविले. त्या वेळी ते सत्तावीस वर्षांचे होते, आणि या शास्त्रात त्यांना मार्ग दाखवील असे फारसे काही उपलब्ध नव्हते.

त्यांची साधने पाहिली तर आपणांस नवल वाटेल. सेकंदास 512 कंपने देणारी ऑर्गन वाद्याची एक नळी, वेळ नोंदणारे घड्याळ, आणि स्वतःचे कान. नळीचा स्वर एकाएकी बंद करावयाचा आणि तो खोलीत किती वेळ रेंगाळतो हे मोजावयाचे. दिवसा रस्त्यावरील वर्दळ व ट्रामगाड्यांची खडखड असे. म्हणून हे काम मध्यरात्रीनंतर चाले. रिकाम्या व्याख्यानगृहात स्वर सुमारे साडेपाच सेकंद ऐकू येई. आता विचार करा, तेवढ्या अवधीत वक्ता बारा-पंधरा अक्षरे सहज उच्चारतो. म्हणजे पहिले अक्षर विरण्यापूर्वीच पुढील सर्व अक्षरे त्याच्यावर येऊन कोसळत. श्रोत्यांच्या बुद्धीचा वा कानांचा यात काय अपराध?

जवळच सँडर्स नावाचे नाट्यगृह होते व त्याच्या आसनांवर गाद्या होत्या. सॅबिन व त्यांचे साहाय्यक रात्री त्या गाद्या उचलून आणीत, थोड्या थोड्या पसरीत, प्रत्येक वेळी स्वराची घटिका मोजीत, आणि उजाडण्यापूर्वी त्या जागच्या जागी नेऊन ठेवीत. गाद्या वाढत तसा निनाद कमी होई. काटेकोरपणा तरी केवढा! प्रयोग करणाऱ्याच्या अंगावरील कपडेही स्वर शोषून घेतात हे लक्षात आल्यावर, कपड्यांची नोंद न ठेवल्यामुळे त्यांनी तीन हजारांवर निरीक्षणे बाद ठरविली आणि पुढे प्रयोगाचा पोशाख एकच ठेवला. आम्ही शाळामास्तरांनी मुलांना प्रामाणिकपणाचे पाठ द्यावयाचे, तर यापरता दाखला कोणता?

मोजमापासाठी त्यांनी एकक निवडले ते उघड्या खिडकीचे. खिडकीतून बाहेर पडलेला ध्वनी परत येत नाही. म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे ध्वनिशोषणाचे एक माप. गादी, गालिचा, माणूस, प्रत्येकाची किंमत या मापात ठरविता येते. 1898 च्या शरद ऋतूत त्यांना सर्व आकड्यांतील सूत्र गवसले. खोलीचे घनफळ घनमीटरांत घ्यावे, त्यास 0.161 ने गुणावे आणि शोषणाच्या एकूण मापाने भागावे. जो आकडा येतो तितके सेकंद निनाद टिकतो. म्हणजे तितक्या काळात ध्वनीची शक्ती दशलक्षांशावर येते. याच सूत्राच्या आधाराने बोस्टनच्या सिंफनी हॉलची योजना झाली. 15 ऑक्टोबर 1900 रोजी उघडलेले ते संगीतगृह आजही जगातील अत्युत्तम गृहांत गणले जाते. सॅबिन 1919 च्या आरंभी, अवघ्या पन्नासाव्या वर्षी वारले. निनाद मोजण्याची त्यांची रीत मात्र जगभर रूढ झाली.

हा झाला एका खोलीचा इतिहास. आता दोन स्पीकरांचा थोडक्यात सांगतो. 1881 साली पॅरिस येथे विद्युत्प्रदर्शन भरले असता क्लेमां आदेर यांनी ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनचे ध्वनिग्राहक मांडून प्रदर्शनातील श्रोत्यांच्या दोन्ही कानांस वेगवेगळी नळी दिली. नट डावीकडून उजवीकडे गेला तर कानांना ते कळे. पुढे इंग्लंडात ॲलन ब्लूमलाइन या अभियंत्याने डिसेंबर 1931 मध्ये दोन मार्गांनी ध्वनी नोंदण्याच्या पद्धतीचे पेटंट मागितले. चित्रपटात नट पडद्याच्या एका कडेस आणि आवाज दुसरीकडून, हे त्यास खटकले, असे सांगतात. 27 एप्रिल 1933 रोजी फिलाडेल्फियात वाजत असलेला वाद्यवृंद तीन मार्गांनी वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकविण्यात आला. ब्लूमलाइन 1942 मध्ये रडारच्या चाचणीत विमान कोसळून मरण पावला. त्याच्या कल्पनेच्या तबकड्या बाजारात सर्रास आल्या त्या 1958 पासून.

या युक्तीचे मर्म असे की दोन स्पीकरांचे स्वर कानांवर बरोबरीने यावेत. 1949 मध्ये गटिंगेन येथे हेल्मुट हास यांनी आपल्या प्रबंधात दाखविले की, मूळ ध्वनीमागून साधारण तीस सहस्रांश सेकंदांच्या आत आलेला दुसरा ध्वनी आपणांस वेगळा ऐकू येत नाही, आणि जो आधी पोचेल त्याच्याच दिशेने आवाज येतो असे वाटते. ध्वनी एक फूट जाण्यास सुमारे एक सहस्रांश सेकंद घेतो. तेव्हा एक स्पीकर हातभर जवळ असला की सारा गवई त्याच बाजूस सरकलाच म्हणून समजावे!

आता आमच्या दिवाणखान्याकडे वळू. लांबी 4 मीटर, रुंदी 3 आणि उंची 3, घनफळ 36. त्यास 0.161 ने गुणले की सुमारे 5.8. खोली जवळजवळ रिकामी असून फरशी व गिलावा स्वर शोषीत नाहीत. शोषणाचे माप 2 धरले तर निनाद 2.9 सेकंद. चार मापांची भर घातली तर भाजक 6 होऊन निनाद एका सेकंदाखाली येतो. आणखी चार घातली तर 0.58. पहिल्या भरीने दोन सेकंद जवळजवळ गेले, दुसऱ्या भरीने अर्धा सेकंदही नाही. म्हणजे थोडक्या उपायानेच मोठा गुण येतो. खोलीस रजया पांघरून गुदमरविण्याचे कारण नाही.

मी ट्रंक उघडली. मातोश्रींनी जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या दोन जाड गोधड्या तीत होत्या. एक स्पीकरांच्या समोरच्या भिंतीवर आणि दुसरी बाजूच्या उघड्या भिंतीवर, काठीला अडकवून, भिंतीपासून चार बोटे सोडून टांगली. पाठीमागे पोकळी राहिली की शोषण खालच्या स्वरांपर्यंत पोचते. काचेवर जाड पडदा आणि फरशीवर सतरंजी घातली. पुस्तकांचे कपाट मागे आणले. ओबडधोबड रांगांवरून ध्वनी पसरून जातो, एकगठ्ठा परतत नाही. स्पीकर कोपऱ्यांतून बाहेर काढले, कारण कोपऱ्यात मृदंगाची धुमी फुगते. दोन्ही स्पीकर आणि आपली खुर्ची यांचा समभुज त्रिकोण दोरीने मापून साधला.

खर्जाचा उपद्रव मात्र गोधडीने जात नाही. चार मीटर लांबीच्या खोलीत सेकंदास सुमारे 43 कंपनांचा स्वर भिंतींमध्ये स्थिर उभा राहतो. भिंतीपाशी तो अति होतो, अगदी मध्यावर नाहीसा होतो. म्हणून खुर्ची मागच्या भिंतीस टेकवू नये, बरोबर मध्यभागीही ठेवू नये. ती हातभर पुढेमागे सरकविणे, याहून स्वस्त उपाय दुसरा नाही.

तिसऱ्या दिवशी तोच अभंग पुन्हा लावला; मी कोणास बोलाविले नाही. दुसऱ्या कडव्याच्या सुमारास सौभाग्यवती कणकेच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "टाळ उजवीकडे आहेत," त्या म्हणाल्या, आणि मग खुर्चीवर बसल्या. वयाबरोबर कान थोडे मंदावतात हे खरेच. आणि म्हणूनच घुमणाऱ्या खोलीचा जाच वडील माणसांस अधिक होतो. परंतु त्यांनी तो सगळा आपल्याच माथी घेतला होता.

श्रोतेहो, येथे थांबलो असतो. पण एक गोष्ट मनास टोचते. माझ्या नोकरीची कित्येक वर्षे दगडी भिंतींच्या व पत्र्याच्या छपराच्या एका लांबलचक वर्गात गेली. शुद्धलेखन घालताना मागच्या बाकांवरील मुले हमखास चुकत. 'वाट' सांगावे तर 'पाठ' लिहीत. लक्ष नाही म्हणून मी त्यांस उभे करी, कधी छडीही देई. त्या वर्गात मी एकदाही टाळी वाजवून पाहिली नाही. सॅबिन यांनी हार्वर्डच्या विद्यार्थ्यांस दोष न देता आधी खोली तपासली. मी खोली सोडून मुले तपासली. ती मुले आता पन्नाशीला आली असतील. त्यांच्यापैकी कोणी हे भाषण ऐकत असेल, तर त्याने एवढेच समजावे की चूक त्याची नव्हती.